हिल्लीमावशीच्या तेवीस खुर्च्या

खिळा मी ठोकला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं त्यात माझा दोष नसलेली एवढी एकच गोष्ट आहे. खिळा माझ्या सासऱ्यांनी ठोकला होता. ते वारून आता वीस वर्षं झाली, त्यामुळे तक्रार करायला कोणी उरलेलं नाही. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी तो खिळा आमच्या संडासाच्या भिंतीतून निसटला आणि त्यावर टांगलेलं वाढदिवसांचं कॅलेंडर सरळ भांड्यात पडलं. झाकण उघडं होतं. (झाकण कोणी उघडं ठेवलं हा वेगळा विषय आहे.)

आमच्याकडे, या कालव्यांच्या मुलखात, हे कॅलेंडर घराघरांत संडासातच असतं. त्यावर साल नसतं, वार नसतात, नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढे नात्यातल्या माणसांची नावं. एकदा लिहिलं की जन्मभर पुरतं. माणूस रोज निदान एकदा तिथे बसतोच, आणि बसला की या महिन्यात कोणाकोणाकडे जायचं आहे ते समोर दिसतं. कोणी वारलं तर नाव खोडत नाहीत, पुढे एक छोटा क्रूस काढून साल लिहितात. वाढदिवसाचं आमंत्रण आमच्या घराण्यात कोणी कोणाला देत नाही. आमंत्रण देणं म्हणजे समोरच्याला परकं ठरवणं, असं हिल्लीमावशीचं मत होतं, आणि हिल्लीमावशीचं मत तेच घराण्याचं मत.

हिल्लीमावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची थोरली बहीण. शाळेत मुलींना शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, टाके सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. मला पाहिलं की ती दरवेळी जराशी दचकायची आणि म्हणायची, "अजून आहेस का तू?" तिची ही चेष्टा करायची पद्धत आहे, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो.

तर कॅलेंडर. मी ते सॅलडच्या चिमट्याने बाहेर काढलं. (चिमटा धुऊन जागच्या जागी ठेवला. माझ्या बायकोला, यांटीनला, हे अजून माहीत नाही.) कोणीही शहाण्या माणसाने ते हीटरवर वाळवून पुन्हा टांगलं असतं. पण मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या टेबलावर एकतीस वर्षं बसलेला माणूस. ओला, डाग पडलेला, तीन पिढ्यांच्या अक्षरांतला कागद पाहिला की मला त्याची स्वच्छ प्रत काढावीशी वाटते. आणि मग वाटलं, एकच का काढायची? सगळ्या घराण्याला एकेक देऊ. पाच डिसेंबरच्या भेटवस्तूंच्या सणाला दरवर्षी मी सगळ्यांना मोजे देतो, आणि दरवर्षी सगळे त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतात ती मला पुरे झाली होती.

ऑफिसात चालू वर्षाच्या तारखांचे तक्ते होते. त्यांतले वार काढून टाकले, आणि एकेका तारखेपुढे नावं टाइप करत गेलो. सगळं नीट. माझं नाव नोव्हेंबरात येतं, नऊ तारखेला. ते मी जरा ठळक केलं, कारण माझ्या वाढदिवसाला फारसं कोणी येत नाही. आमच्या भागात नोव्हेंबरात धुकं फार असतं आणि कालव्याकाठचे रस्ते अरुंद आहेत. फेब्रुवारीच्या पानाचा खालचा भाग नेमका भांड्यातल्या पाण्यात बुडाला होता, त्याच्याकडे फार निरखून पाहावंसं वाटत नव्हतं. अठ्ठावीस तारखेपर्यंत आलो, तक्ता संपला, पान उलटलं, मार्च सुरू केला.

सणाच्या दिवशी दुपारी सगळे आमच्याकडे जमले होते आणि भेट सगळ्यांना आवडली. मोज्यांच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. हर्ममामांनी, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या भावाने, घरी गेल्या गेल्या जुनं कॅलेंडर शेगडीत घातलं. बाकीच्यांनी आपापली रद्दीत टाकली. हिल्लीमावशीने मात्र तिची प्रत तिथेच बसून पान न् पान उलटून पाहिली. एका पानावर ती जरा थांबली. मग घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "काम स्वच्छ आहे तुझं, बेरेंड." ती मला नावाने हाक मारते आहे, याचाच मला तीन दिवस आनंद होता.

आता तुमच्या लक्षात आलं असेलच. हिल्लीमावशीचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा.

चार वर्षांतून एकदाच ती वाढदिवस करायची. मधल्या तीन वर्षांत कोणी अठ्ठावीसला किंवा एक मार्चला फूल घेऊन गेलं तर दारातूनच परत पाठवायची. नसलेल्या दिवसाची कॉफी मी पाजत नाही, म्हणायची. पण चौथ्या वर्षी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सगळं घराणं तिच्याकडे. खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडलेल्या, आत आलेल्याने मावशीला शुभेच्छा द्यायच्या आणि मग गोलातल्या प्रत्येकाला "बहिणीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा", "मावशीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा" म्हणत हात मिळवत फिरायचं. कॉफी, सफरचंदाच्या टार्टचा तुकडा, पुन्हा कॉफी, एक बिस्किट, डब्याचं झाकण बंद. रक्ताचे नातेवाईक खिडकीच्या बाजूला बसायचे. आम्ही जावई-सुना, आम्हाला 'थंड बाजू' म्हणतात, आम्ही दाराजवळ, जिथे खरंच वारा येतो. २००८ साली मी तिथून तीन वाजताच दाढदुखीचं सांगून उठलो होतो. दाढ दुखत नव्हती, टीव्हीवर स्केटिंगच्या शर्यती होत्या. दुसऱ्या दिवशी बाजारात मावशीने विचारलं, दाढ दुखायची थांबली का, आणि मी विचारलं, कुठली दाढ? पण ते जाऊ द्या, त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही.

सासूबाई मात्र दरवेळी सगळ्यांच्या आधी, साडेनऊलाच जायच्या. टार्ट कापायचं काम त्यांचं. १९६८ पासून एकदाही चुकलेलं नव्हतं.

२०२४ सालचा एकोणतीस फेब्रुवारी गुरुवारी आला. मी त्या दिवशी ऑफिसात चाळीस वेळा तरी ती तारीख माझ्या हाताने लिहिली असेल. दोन बाळं नोंदवली. एका बापाला म्हणालोसुद्धा, बिचाऱ्याला चार वर्षांतून एकदाच केक मिळणार. आम्ही दोघेही हसलो. माझ्या डोक्यात घंटा कशी ती वाजली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही बटाटे खात असताना फोन आला. मावशीच्या शेजारच्या फ्रौकेबाईंचा. यांटीनने उचलला. त्या फारच हळू आवाजात विचारत होत्या की तुमच्या घरात कोणी गेलं का. काल अख्खा दिवस हिल्लीकडे कोणी फिरकलं नाही, तेव्हा कोणीतरी गेलं असणार, आणि हिल्लीला ते कळवायचं कोणी धाडस करत नसेल, असं त्यांना वाटलं होतं. त्या स्वतः अकरा वाजता शुभेच्छा द्यायला गेल्या होत्या. आत तेवीस खुर्च्या गोल मांडलेल्या, त्यांतल्या बारा चर्चच्या हॉलमधून आणलेल्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत हिल्ली, गळ्यात मोत्यांची माळ घालून. फ्रौकेबाईंना दहा मिनिटांत निघायचं होतं, पण तेवढ्या खुर्च्यांमधून तिला एकटं टाकून उठायचं कसं हे त्यांना कळेना. त्या पाच वाजेपर्यंत बसल्या. दोघींनी टार्टचे सहा तुकडे खाल्ले. हिल्ली हवेबद्दल बोलली.

यांटीनने फोन ठेवला, संडासात गेली आणि माझं कॅलेंडर भिंतीवरून उतरवून घेऊन आली. फेब्रुवारीचं पान उघडून तिने ते माझ्या बटाट्यांशेजारी ठेवलं.  मी म्हणालो, तक्ताच अठ्ठावीसचा होता. बोलल्यावर मलाच माझी लाज वाटली.

शनिवारी सकाळी आमच्याकडे घराण्याची बैठक भरली. पहिला अर्धा तास सगळ्यांनी माझा उद्धार केला आणि त्याने सगळ्यांना बरं वाटलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. हर्ममामा बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात फोरमन होते, ते अजूनही तसेच बोलतात.

"कॅलेंडरात नव्हतं तर मी काय करणार?" ते म्हणाले. "असतं तर गेलोच असतो की."

"ती तुमची बहीण आहे, मामा," यांटीन म्हणाली. "तिला ऐंशी वर्षं झाली. तुम्ही तिच्याहून तीन वर्षांनी मोठे. तिचा जन्म झाला तेव्हा तुम्ही घरात होतात."

"होतो ना. पण तेव्हा मी काय तारीख बघत होतो?"

सासूबाई कोपऱ्यात कप धरून बसल्या होत्या. कॉफीवर साय आली होती. त्यांनी माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"गुरुवारी मी खिडक्या पुसल्या," त्या म्हणाल्या. "सकाळी साडेनऊला. ऊन छान होतं."

 बैठकीत एवढंच ठरलं की घाण बेरेंडने केली आहे, तेव्हा बेरेंडने जाऊन सगळ्यांच्या वतीने माफी मागावी. मी म्हणालो, मी थंड बाजूचा. हर्ममामा म्हणाले, म्हणूनच.

रविवारी चर्च सुटल्यावर मी कुंडीतलं सायक्लेमेनचं फुलझाड घेऊन गेलो. मावशीने दार उघडलं, दचकली आणि म्हणाली, "अजून आहेस का तू?" आत खुर्च्या तशाच गोल होत्या. मी सवयीने दाराजवळच्या खुर्चीत बसलो. ती खिडकीजवळ बसली. मध्ये एकवीस खुर्च्या. तिने मला चार दिवसांचा टार्टचा तुकडा दिला आणि मी तो पूर्ण खाल्ला, कारण मला तीच शिक्षा वाटली आणि एवढ्यावर भागणार असेल तर बरंच होतं.

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "तक्त्यात अठ्ठावीसच..."

"माहीत आहे. डिसेंबरातच पाहिलं मी."

माझ्या हातातला काटा बशीवर वाजला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? माझा वाढदिवस आहे, विसरू नका हं, असं?" ती खिडकीबाहेर बघत होती. "म्हटलं, बघू या. कागद काढून घेतला तर किती जण उरतात."

"मग किती उरले?" मी विचारलं. (असले प्रश्न विचारायचे नसतात, हे मला नेहमी विचारून झाल्यावर कळतं.)

"फ्रौके," मावशी म्हणाली. "ती शेजारीण आहे." आणि मग, "बाकीच्यांचं सोड. रूली साडेनऊला येईल असं वाटलं होतं. सुरी काढून ठेवली होती मी तिच्यासाठी."

रूली म्हणजे माझ्या सासूबाई. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी संडासात गेलो. माणसाला घरात एकटं बसायला तेवढी एकच जागा असते. तिथे माझं नवं कॅलेंडर नव्हतं. मावशीने जुनंच ठेवलं होतं, पिवळं पडलेलं, आणि ते मार्चच्या पानावर उघडं होतं. पाच तारखेला यांटीनच्या धाकट्या भावाचं नाव. त्याच्यापुढे पेन्सिलीने एक सुबक क्रूस, आणि साल, २०२४. मी पान उलटलं. चौदा एप्रिल, सासूबाई, क्रूस, २०२४. मे महिन्यात हर्ममामा, क्रूस. जूनमध्ये यांटीन, माझी बायको, जिने सकाळी मला हे सायक्लेमेन हातात देऊन पाठवलं होतं, तीही २०२४ मध्ये गेलेली. एकतीस वर्षं मी मृत्यूच्या नोंदी करतो, पण एका बैठकीत इतक्या कधी पाहिल्या नव्हत्या. मी जुलैवर आलो तेवढ्यात बाहेरून दारावर टकटक झाली आणि मावशीने विचारलं, आत पडलास का.

घरी सगळे वाट बघत बसले होते. मी येऊन सांगितलं की आपण सगळे वारलो आहोत.

हर्ममामा भडकले. "मी? मला काय झालंय? परवाच डॉक्टरने रक्तदाब बघितला."

"पेन्सिलीने आहे, मामा," मी म्हणालो. "शाई नाही." नोंदणी खात्यातल्या माणसाला हा फरक कळतो.

सगळ्यात आधी यांटीन उठली. दुसऱ्याच दिवशी मी तिला गाडीने सोडलं आणि बाहेर बसून राहिलो. तासाभराने ती डोळे पुसत आली. मावशीने कॉफी दिली होती, बिस्किट दिलं होतं, डब्याचं झाकण बंद केलं होतं. मग "चल" म्हणून तिला संडासापर्यंत नेलं होतं आणि तिच्यासमोर खोडरबरने क्रूस पुसला होता. अट एकच होती. कॅलेंडरचं नाव काढायचं नाही. विसरले असं म्हणायचं. हे कळल्यावर एकेक जण जाऊ लागला, आणि मार्च-एप्रिलमधले माझे सगळे शनिवार मावशीच्या दारात गाडीत बसण्यात गेले. हर्ममामांना तीनदा जावं लागलं. दोनदा त्यांच्या तोंडून "बेरेंडने" हा शब्द निघून गेला होता. तिसऱ्यांदा ते गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यावर मावशीने पुसला.

माझा क्रूस पुसला का, हे मी विचारलं नाही. पहिला माफी मागायला गेलो तो मीच. शिळा टार्ट खाल्लेलाही मी एकटाच. माझा तिने त्याच दिवशी पुसला असणार, असं मी मनाशी धरलं होतं.

राहिल्या सासूबाई. त्यांचा वाढदिवस चौदा एप्रिलला झाला, मावशी आली नाही. मी दर शनिवारी त्यांच्या दारात हॉर्न वाजवायचो, त्या खिडकीतून हाताने नको म्हणायच्या. खिडक्या इतक्या मळल्या होत्या की हात नीट दिसायचाही नाही. एकोणतीस फेब्रुवारीनंतर त्यांनी त्या पुसल्याच नव्हत्या. यांटीनने आईची मनधरणी केली, भांडली, एकदा रडलीसुद्धा. "मी जाऊन काय सांगू?" त्या एवढंच म्हणायच्या. "लहानपणी एका पलंगावर झोपायचो आम्ही. बाकीच्यांना मावशी होती ती, आत्या होती. त्यांना कागद लागतो. मला का लागला?"  माझ्या हातून एक ओळ सुटली होती, पण त्यांच्या आतून काय सुटलं होतं ते मला कुठल्याच तक्त्यात भरता येईना.

ऑगस्टमध्ये मावशी पिवळी पडली. डॉक्टरांनी महिने सांगितले नाहीत, आठवडेच सांगितले. जिथून कोणी घरी परत जात नाही अशा एका शांत घरात तिला हलवलं, बागेकडे खिडकी असलेल्या खोलीत. सगळे पाळीपाळीने जायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने यांटीनला सांगितलं, माझ्या संडासातलं कॅलेंडर आण आणि खोडरबर आण. आणि रूलीला आण, ती नाही म्हणाली तरी.

सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. कोट घालूनच दारात उभ्या होत्या. खोलीत शिरल्यावर मात्र त्या पलंगापासून चार पावलांवर थांबल्या. मी कॅलेंडर धरून उभा होतो, कारण ते टांगायला तिथे खिळा नव्हता.

"मी विसरले, हिल्ली," सासूबाई म्हणाल्या. "कॅलेंडरमुळे नाही. मी विसरले."

"हो," मावशी म्हणाली.

"खिडक्या पुसत होते."

"स्वच्छ झाल्या का?"

"नाही."

मावशी हसल्यासारखी दिसली. तिने मला एप्रिल काढायला सांगितलं. मी काढला. तिने खोडरबर उचलला, कागदावर टेकवला, पण हाताला जोर नव्हता, तो नुसता घसरत राहिला. मग तिने तो सासूबाईंच्या हातात दिला. "तूच पूस," म्हणाली. सासूबाई पलंगावर बसल्या आणि पुसू लागल्या. खोडरबर दोनदा फिरवल्यावरच क्रूस गेला होता, पण त्या थांबेनात. पुसत राहिल्या, डोळ्यांतलं पाणी कागदावर, कागद ओला, त्यावर पुन्हा खोडरबर. चौदा तारखेला भोक पडलं.

"बास आता रूली," मावशी म्हणाली. "मे महिना लागला."

सासूबाई त्या दिवशी तिथेच थांबल्या. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. कॅलेंडर मावशीच्या उशीखाली होतं. शुक्रवारी सकाळी मावशी गेली, तेव्हा दोघी एकाच पलंगावर होत्या. नर्सने तसं चालत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मावशीने तिला शिवणाच्या वर्गातल्या मुलीसारखं बाहेर पाठवलं होतं.

तिची नोंद माझ्या टेबलावर आली. शेजारचा सहकारी म्हणाला, मी करतो. मी नको म्हणालो. जन्मतारीख, एकोणतीस, दोन, एकोणीसशे चव्वेचाळीस. या वेळी मी ती तीनदा तपासली.

अंत्यविधीला खुर्च्या कमी पडल्या. चर्चच्या हॉलमधल्या त्याच खुर्च्या, आणि त्याशिवाय अकरा आणाव्या लागल्या. एकही जण चुकला नाही. कॉफी, केकचा एक तुकडा, पुन्हा कॉफी. हर्ममामा सगळीकडे पाहून म्हणाले, हिल्लीला हे फार आवडलं असतं. मला इतका राग आला की मी कपात साखर घालतच राहिलो. मग दिसलं की ते खिडकीजवळच्या, मावशीसाठी मोकळ्या ठेवलेल्या खुर्चीकडे बघत नाहीयेत, आणि माझा राग गेला.

घर आवरताना यांटीनने मावशीचं बाकी काही घेतलं नाही, उशीखालचं कॅलेंडर तेवढं ठेवून घेतलं. आमच्या संडासात नवा खिळा ठोकला (तिनेच, माझ्यावर विश्वास नव्हता), माझं छापील कॅलेंडर उतरवून रद्दीत टाकलं आणि मावशीचं टांगलं. मग मला पेन दिलं. पेन्सिल नको, म्हणाली. मी आत बसलो, फेब्रुवारी काढला. एकोणतीस तारीख होती. मावशीने स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं होतं, सरळ टाक्यांसारख्या अक्षरांत. मी त्यापुढे क्रूस काढला, साल लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.  मग पानं उलटत गेलो. जिथे जिथे पेन्सिल होती तिथे आता नुसता करडा डाग होता, एप्रिलमध्ये भोक. सगळे परत आले होते. मन भरून आलं. आपणही या कागदावर आहोत, आपल्यालाही या बाईने कधीतरी पुसून परत घेतलं, या विचाराने मी नोव्हेंबर काढला.

नऊ तारीख. बेरेंड. पुढे क्रूस. पुसलेला नव्हता, आणि पेन्सिलीचाही नव्हता. निळ्या शाईचा होता, उडत चाललेल्या जुन्या शाईचा. शेजारी साल होतं. २००८.

"यांटीन," मी आतूनच हाक मारली, "हे नोव्हेंबरचं पान पाहिलंस का?"

स्वयंपाकघरात ताटं पुसायचा आवाज थांबला.

"ते होय," ती म्हणाली. "मावशीने तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं रे. म्हणून तर तुझ्या वाढदिवसाला कोणी येत नाही."

सोळा वर्षं मी उगाच धुक्याला नावं ठेवत होतो.